पाककृतीमागचे आयुष्य : ज्युलिया चाइल्ड यांचे ‘माय लाइफ इन फ्रान्स’

स्वयंपाकावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या कपाटात पाककृतींची पुस्तके असतात, नामवंत शेफ मंडळींची चरित्रे असतात आणि खाण्यापिण्याभोवती गुंफलेली आत्मकथनेही असतात. परंतु एखादी पाककृती छापील पानावर येण्यापूर्वी कोणत्या कसोट्यांतून जाते, हे त्यांतली फार थोडी पुस्तके सांगतात. फ्रेंच स्वयंपाक अमेरिकेच्या घराघरांत नेणाऱ्या पाकलेखिका ज्युलिया चाइल्ड यांचे ‘माय लाइफ इन फ्रान्स’ नेमके हेच सांगते, आणि खाद्यविषयक आत्मकथनांमध्ये मी त्याला सर्वांत वरचे स्थान देतो ते याच कारणासाठी. ज्युलिया २००४ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना वारल्या. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत त्यांनी पतीच्या जुळ्या भावाचा नातू अ‍ॅलेक्स प्रुदोम याच्यासह या आठवणींवर काम केले, आणि पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. शेफचे शिक्षण, पाककृतींच्या एका मोठ्या ग्रंथाची निर्मिती आणि एका संसाराची हकीकत असे तिन्ही विषय त्यात एकत्र आले आहेत, आणि ते परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

कथेची सुरुवात ३ नोव्हेंबर १९४८ रोजी होते. ज्युलिया आणि त्यांचे पती पॉल जहाजाने ल आव्र बंदरात उतरतात आणि सोबत आणलेल्या निळ्या ब्यूक मोटारीने पॅरिसकडे निघतात. पॉल यांची नेमणूक अमेरिकी सरकारच्या माहिती खात्यात, प्रदर्शनांच्या विभागात झालेली होती. ज्युलिया तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. फ्रेंच भाषा त्यांना येत नव्हती आणि स्वयंपाकही बेताचाच येत होता. वाटेत रूआँ येथील ‘ला कुरोन’ या जुन्या उपाहारगृहात ते दुपारच्या जेवणासाठी थांबतात. तिथे कालवे, लोण्यातला सोल मासा, हिरव्या पानांचे सॅलड, ताजे चीज, वाइन आणि शेवटी कॉफी असे जेवण होते. या जेवणाचे वर्णन खाद्यलेखनाच्या चाहत्यांना परिचित आहे, पण त्याचे मर्म नेहमी सांगितले जाते त्याहून थोडे वेगळे आहे, असे मला वाटते. ज्युलिया केवळ चवीने भारावून जात नाहीत. या माशाला ही चव आली कशी, एवढ्या साध्या पदार्थात एवढे सामर्थ्य कुठून आले, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करतो. पुढचे सगळे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचा चिकाटीने घेतलेला माग आहे.

१९४९ च्या शरद ऋतूत त्यांनी ‘ल कोर्दाँ ब्ल्यू’ या पाकशाळेत नाव नोंदवले. आधी त्यांना गृहिणींच्या वर्गात बसवण्यात आले. तो फारच प्राथमिक आहे हे ध्यानात येताच त्या व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे वळल्या. तिथे त्यांचे सहाध्यायी होते युद्धातून परतलेले आणि सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणारे अमेरिकी सैनिक. भल्या सकाळी वर्गात शिकायचे, दुपारी घरी येऊन तोच पदार्थ पॉलसाठी करायचा आणि पुन्हा प्रात्यक्षिके पाहायला जायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. या प्रकरणांतील शेफ मॅक्स ब्युन्यार यांचे व्यक्तिचित्र हा पुस्तकाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ तरुणपणी एस्कॉफिए या विख्यात फ्रेंच शेफच्या हाताखाली काम केलेले, ब्रुसेल्समधले स्वतःचे उपाहारगृह महायुद्धात गमावलेले, आणि तरीही शिकवताना कमालीचे प्रसन्न. त्यांचा आग्रह एकच असे : पाया पक्का हवा, आणि पदार्थ करताना आनंद हवा.

त्यांची शिकवण्याची रीत एका अंड्याच्या धड्यातून स्पष्ट होते. अंडी फेटून, ढवळून शिजवण्याचा प्रकार आपल्याला उत्तम येतो, असा ज्युलिया यांचा समज होता. ब्युन्यार त्यांना थांबवतात, पॅनला लोणी लावतात, हलकेच फेटलेली अंडी त्यात ओततात आणि अगदी मंद आचेवर स्वस्थ वाट पाहतात. अंडी घट्ट होऊ लागल्यावरच ती भराभर ढवळायची, पॅन आचेवरून वर-खाली करायचे, आणि अखेरीस थोडे लोणी किंवा साय घालून शिजण्याची क्रिया तिथेच रोखायची. हा प्रसंग वाचताना दोन गोष्टी कळतात. पहिली पाकशास्त्राची : अंड्यातील प्रथिने अधिक उष्णतेने आक्रसतात आणि पाणी सोडतात, म्हणून मऊपणा हवा असेल तर संयम पाळावा लागतो. दुसरी शिक्षकाची : ज्याला एस्कॉफिए यांच्या परंपरेतले भव्य पदार्थ येतात, तो अंड्यांसाठीही तितकाच वेळ देतो.

पाकशाळेच्या संचालिका मादाम ब्रासार यांच्याशी ज्युलिया यांचे कधी जुळले नाही, आणि त्या पहिल्या परीक्षेत अनुत्तीर्णही झाल्या. अवघड पदार्थांची त्यांनी कसून तयारी केली होती. प्रश्न मात्र शाळेच्या प्राथमिक पुस्तिकेतून आले, आणि त्यातली प्रमाणे त्यांनी पाठ केलेली नव्हती. हे सगळे त्या रागासकट सांगतात, हे मला फार आवडले. १९५१ मध्ये प्रमाणपत्र हाती आले. तोवर प्रमाणपत्राहून मोठी एक गोष्ट त्यांना गवसली होती, ती म्हणजे स्वतः तपासून पाहण्याची सवय.

या सवयीचा पहिला ठळक आविष्कार मेयोनेजच्या प्रकरणात दिसतो. एरवी हमखास जमणारे मेयोनेज थंडीच्या दिवसांत अचानक फाटू लागते. दुसरे कोणी दैवाला दोष देऊन पुढे गेले असते; ज्युलिया मात्र भांड्याचे तापमान, तेलाचे तापमान, तेल घालण्याचा वेग आणि अंड्याच्या एका बलकात किती तेल सामावते, या प्रत्येक बाबीचा स्वतंत्र विचार करून पुन्हा पुन्हा मेयोनेज करत राहतात. भांडे थोडे कोमट करून घेतले आणि सुरुवातीला तेल थेंबाथेंबाने घातले, की बलकातील घटक तेलाच्या सूक्ष्म कणांना धरून ठेवतात, हे त्यांना उमगते. मग त्या सगळी पद्धत टंकलिखित करतात आणि करून पाहण्याच्या विनंतीसह अमेरिकेतील आप्तमित्रांना पाठवतात. उत्तर येत नाही. तरीही त्यांचा उत्साह तसूभरही कमी होत नाही. एखाद्या ध्यासाचे एवढे निर्मळ चित्रण मी खाद्यलेखनात क्वचितच वाचले आहे.

पुस्तकाचा गाभा त्यानंतर येतो. पॅरिसमध्ये ज्युलिया यांची ओळख सिमोन बेक, म्हणजे सिमका, आणि लुइझेट बेर्तोल या दोघींशी झाली. तिघींनी मिळून अमेरिकी विद्यार्थिनींसाठी एक छोटी पाकशाळा सुरू केली. क्लोद तिल्मों यांच्यासारखे पेस्ट्रीचे उस्तादही तिथे शिकवायला येत. सिमका आणि लुइझेट अमेरिकी वाचकांसाठी फ्रेंच पाककृतींचे पुस्तक आधीपासूनच लिहीत होत्या. ज्युलिया त्यात सामील झाल्या, आणि मग त्या कामाचे स्वरूपच पालटले. फ्रेंच स्वयंपाकघरातले ज्ञान बव्हंशी हाताला ठाऊक असलेले ज्ञान होते. ‘थोडेसे’, ‘शिजेपर्यंत’, ‘पुरेसे दाट’ अशा शब्दांवर ते चालत असे, कारण वाचणाऱ्याने तो पदार्थ लहानपणापासून पाहिलेला असे. ज्या वाचकाने तो पदार्थ कधी पाहिलेलाच नाही, त्याला हे शब्द निरुपयोगी आहेत, हे ज्युलिया यांनी ओळखले. अमेरिकेतले मैद्याचे पीठ फ्रेंच पिठासारखे वागत नाही, तिथली कोंबडी वेगळी, साय वेगळी, खरा सोल मासा तर मिळतच नाही. तेव्हा प्रत्येक कृती अमेरिकेत मिळणाऱ्या जिन्नसांनी आणि उपकरणांनी नव्याने सिद्ध करून दाखवल्याशिवाय पुस्तकात घ्यायची नाही, असा दंडक त्यांनी घालून घेतला.

सिमका आणि ज्युलिया यांच्यातील वाद हा या प्रकरणांचा प्राण आहे. सिमका यांच्याकडे परंपरा होती, अफाट स्मरणशक्ती होती, नव्या कल्पनांचा ओघ होता, आणि आपण फ्रेंच आहोत म्हणजे आपले म्हणणे बरोबरच असणार, हा ठाम विश्वासही होता. कासुलेमध्ये, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या आणि मांसाच्या सावकाश शिजवलेल्या पदार्थात, बदक-हंसाचे मुरवलेले मांस असलेच पाहिजे का, यासारख्या प्रश्नांवर दोघींची जोरदार पत्रापत्री चाले. ज्युलिया यांचे उत्तर नेहमी एकच असे : जुने ग्रंथ काढू, करून पाहू आणि मग ठरवू. मार्सेय शहरात राहत असताना, खऱ्या बुईआबेसमध्ये, म्हणजे तिथल्या माशांच्या रस्स्यात, टोमॅटो कधीच घालत नाहीत, असे एका बाईंनी त्यांना ठणकावून सांगितले. प्रोव्हान्सच्या पाककृतींचा एक मान्यवर जुना ग्रंथ उघडला तर त्यात टोमॅटो होते. अज्ञानातून येणाऱ्या अशा ठाम विधानांची त्यांना मनस्वी चीड होती. ‘अस्सल’ पदार्थ कोणता यावर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येक खाद्यप्रेमीने हा भाग मुद्दाम वाचावा, असे मी आग्रहाने म्हणेन. ज्युलिया परंपरेचा अनादर कुठेही करत नाहीत, उलट तिच्यावर त्यांचे निस्सीम प्रेम आहे; मात्र प्रेम आहे म्हणून पुरावा नको, असे त्या मानत नाहीत.

या श्रमांचे फळ म्हणजे १९६१ साली आलेला ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ हा ग्रंथ. आत्मकथन वाचल्यावर तो पुन्हा हातात घेतला, की त्याच्या मांडणीतला प्रत्येक निर्णय बोलू लागतो. साहित्याची यादी सुरुवातीला देऊन मोकळे होण्याऐवजी प्रत्येक टप्प्याचे साहित्य त्या त्या टप्प्याच्या शेजारी, डाव्या रकान्यात दिलेले आहे, त्यामुळे रांधणाऱ्याला पानाच्या माथ्याकडे वारंवार परतावे लागत नाही. मूळ कृती एकदा सविस्तर शिकवून मग तिच्यातून निघणारे प्रकार मांडले आहेत, म्हणून वाचक पदार्थांबरोबर तंत्रही आत्मसात करतो. एस्कॉफिए यांचा १९०३ चा विख्यात ग्रंथ व्यावसायिकांसाठी होता. जाणत्याला पुरेल इतकेच तो सांगतो आणि पुढे जातो. ज्युलिया आणि त्यांच्या सहकारी तेच शास्त्र घरात एकट्याने रांधणाऱ्या माणसापर्यंत नेतात. त्याच्या हातून कुठे चूक होईल याचा आधीच अंदाज घेतात आणि चूक झाली तर ती सावरायची कशी, तेही सांगतात.

हे पुस्तक छापले जाण्याची हकीकतही कमी रोचक नाही. ‘हार्पर्स’ मासिकात बर्नार्ड डिव्होटो यांनी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांविषयी लिहिले, ज्युलिया यांनी त्यांना फ्रान्समधून एक चांगली सुरी भेट पाठवली, उत्तर आले ते त्यांच्या पत्नी अ‍ॅव्हिस यांच्याकडून, आणि त्यातून दोघींची आयुष्यभराची मैत्री जमली. प्रकाशनविश्वाशी परिचय असलेल्या अ‍ॅव्हिस यांनी हस्तलिखित हाउटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेपर्यंत पोहोचवले. तिथे पहिला आराखडा, म्हणजे केवळ सॉस आणि पक्ष्यांच्या मांसाचे पदार्थ यांवरची शेकडो पाने, परत आला. मग नव्याने लिहिलेली आवृत्तीही नाकारली गेली, कारण सामान्य गृहिणीला ती धास्तावून टाकील असे त्यांना वाटले. अखेर क्नॉफ या संस्थेतील तरुण संपादिका ज्युडिथ जोन्स यांनी ते हस्तलिखित स्वयंपाकघरात नेले, त्यावरून पदार्थ करून पाहिले, आणि आपण याच पुस्तकाच्या शोधात होतो, हे ओळखले. संपादकाने पाककृतींचे हस्तलिखित रांधून वाचणे, याहून योग्य पद्धत मला सुचत नाही.

ज्युलिया यांच्या विचारांतले आणखी एक तत्त्व इथे नोंदवायला हवे. शिकत असताना त्यांनी एका मैत्रिणीला जेवायला बोलावले आणि पालकावर अंडी घालून केलेला एक पदार्थ वाढला, तो अगदीच बिघडलेला होता. ज्युलिया यांनी एका शब्दानेही सबब सांगितली नाही, आणि पाहुणीनेही तो निमूटपणे संपवला. रांधणाऱ्याने आपल्या पदार्थाबद्दल क्षमा मागत बसू नये, कारण त्यामुळे पाहुण्यावर समजूत घालण्याचे ओझे पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढे दूरचित्रवाणीवर त्यांना जी अपार लोकप्रियता लाभली, तिचे मूळ मला या निर्भय वृत्तीत दिसते.

पाव करण्याच्या प्रकरणावर मी खरोखर लुब्ध आहे. ग्रंथाच्या १९७० च्या दुसऱ्या खंडासाठी ज्युडिथ जोन्स यांनी फ्रेंच पावाची कृती मागितली. फ्रान्समध्ये पाव घरी कोणी करत नाही, तो भट्टीवाल्याकडूनच आणतात. अमेरिकेत मात्र तसा पाव मिळत नव्हता. पॉल आणि ज्युलिया यांनी या शोधात दोन वर्षे आणि सुमारे २८४ पौंड पीठ खर्च केले. गाडी पुढे सरकली ती पॅरिसमध्ये प्राध्यापक रेमों काल्व्हेल यांच्याकडे शिकल्यावर : कणीक आपल्याला वाटते त्याहून सैल आणि चिकट हवी, ती सावकाश फुगू द्यायला हवी, आणि लांबट आकार देताना तिच्या पृष्ठभागावर ताण निर्माण करायला हवा, म्हणजे तो पृष्ठभाग आतला वायू धरून ठेवतो. उरला वाफेचा प्रश्न. भाजण्याच्या सुरुवातीला ओव्हनमध्ये वाफ असेल तर कवच लवकर कडक होत नाही, पाव पुरेसा फुलतो आणि मग खुसखुशीत होतो. भट्टीवाल्याच्या ओव्हनमध्ये ही सोय असते, घरातल्या ओव्हनमध्ये नसते, म्हणून तापवलेली जड वस्तू पाण्यात टाकून वाफ काढण्याची युक्ती त्यांनी योजली. छापील कृतीने अनेक पाने व्यापली. त्यातले एकही वाक्य अनावश्यक नाही, हे या प्रकरणानंतर पटते.

पॉल यांच्याविषयी न लिहिता या पुस्तकाचे परीक्षण पुरे होणार नाही. त्यांनी काढलेली कृष्णधवल छायाचित्रे पुस्तकात आहेत आणि ती सजावटीपुरती नाहीत; बाजार, गल्ल्या, घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे आणि चुलीपुढे उभ्या असलेल्या उंचनिंच ज्युलिया यांच्यामुळे मजकुराला जागेचे भान येते. पॉल यांच्या भावाला लिहिलेली पॉल आणि ज्युलिया यांची पत्रे जपून ठेवलेली होती, म्हणूनच अर्धशतकापूर्वीच्या जेवणाचे पदार्थ, हवामान आणि संभाषणे इतक्या तपशिलाने परत उभी करता आली. लेखन अ‍ॅलेक्स प्रुदोम यांच्या हातचे असले तरी आवाज ज्युलिया यांचाच आहे. उद्गार, चिडचिड आणि खळखळून हसणे त्यात जसेच्या तसे उतरले आहे. १९५५ मध्ये, मॅकार्थी काळातील, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या आरोपांवरून चौकश्या होत त्या काळातील, संशयाच्या वातावरणात, पॉल यांना अचानक वॉशिंग्टनला बोलावून त्यांची चौकशी करण्यात आली. तो भाग संयत आहे आणि अंगावर येतो. कट्टर पुराणमतवादी वडिलांशी ज्युलिया यांचे ताणलेले संबंधही त्यांनी झाकून ठेवलेले नाहीत.

काही उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. १९६३ साली ‘द फ्रेंच शेफ’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाल्यानंतरची पाने घाईची वाटतात. पॅरिसमधल्या प्रत्येक रस्त्याचा वास सांगणारे लेखन इथे घटनांच्या नोंदींवर येते. लुइझेट यांचा ग्रंथातला वाटा आणि त्यावरून झालेला करार यांबद्दल ज्युलिया आपली बाजू सभ्यपणे मांडतात, पण लुइझेट यांची बाजू वाचकाला उमगत नाही. शिवाय युद्धोत्तर पॅरिसमधील कोळशाची टंचाई, वीजकपात आणि संप यांचे उल्लेख येतात खरे, तरी डॉलरमध्ये पगार असलेल्या परदेशी कुटुंबाला बाजारातली समृद्धी ज्या सहजतेने परवडत होती, तिच्याकडे हे पुस्तक थोडे अधिक रोखून पाहू शकले असते. या उणिवांमुळे माझे मत मात्र बदलत नाही. जिथे विषय स्वयंपाकाचा आणि शिकण्याचा आहे, तिथे हे लेखन कुठेही सैल पडत नाही.

पुस्तकात स्वतंत्रपणे छापलेल्या पाककृती नाहीत, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. केवळ कृतींसाठी पुस्तक हवे असेल तर ‘मास्टरिंग’चा पहिला खंडच घ्यावा. दोन्ही घेणे शक्य असेल तर आधी आत्मकथनातील ब्युन्यार आणि मेयोनेज यांची प्रकरणे वाचावीत आणि लगेच पहिल्या खंडातील सॉसचे प्रकरण उघडावे. ब्युर ब्लाँ आणि ऑलांदेज या लोण्याच्या सॉसच्या कृतींमधील बारीकसारीक सूचना, ज्या एरवी कंटाळवाण्या वाटल्या असत्या, त्या कुठून आल्या हे तेव्हा कळते. शेफच्या व्यवसायात पाऊल ठेवू पाहणाऱ्यांनी पाकशाळेचा भाग वाचावा, पाककृती लिहिणाऱ्यांनी सिमकासोबतच्या वादांचा भाग दोनदा वाचावा, आणि तिशी-पस्तिशीनंतर काही नवे शिकायला उशीर झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी ज्युलिया सदतिसाव्या वर्षी पाकशाळेत गेल्या आणि त्यांचा पहिला ग्रंथ एकोणपन्नासाव्या वर्षी आला, एवढ्यासाठी तरी हे पुस्तक पहिल्या पानापासून हाती घ्यावे.